नशिबाच्या खेळात सोळा वर्षे

शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटिंगचा विषय निघाला की बहुतेकांना स्टीव्हन ब्रॅडबरी आठवतो. २००२ साली सॉल्ट लेक सिटीत १००० मीटरच्या अंतिम शर्यतीत तो सगळ्यांच्या मागे होता. शेवटच्या वळणावर पुढचे चौघेही कोसळले आणि ऑस्ट्रेलियाला हिवाळी ऑलिंपिकमधले पहिले सुवर्ण मिळाले. या खेळावर बसलेला नशिबाचा शिक्का तेव्हापासून पुसलेला नाही. त्याला कारणही आहे. मार्ग अवघा १११.१२ मीटरचा, लंबवर्तुळाकार. लांब पल्ल्याच्या स्केटिंगसारखी घड्याळाशी एकाकी झुंज इथे नसते. चार-पाच जण एकाच वेळी त्याच वळणात शिरतात, डावा हात बर्फाला टेकवत, एकमेकांच्या ब्लेडपासून वीतभर अंतरावर. एकाचा तोल गेला की दोघे-तिघे कडेच्या गाद्यांवर जाऊन आदळतात. तरीही या खेळात निर्णायक असते ते नशीब, हे मला पटत नाही. न पटण्याचे सर्वांत सबळ कारण म्हणजे इटलीच्या आरियाना फोन्तानाची ट्यूरिन २००६ ते बीजिंग २०२२ ही कारकीर्द.

लोम्बार्दीतल्या सोन्द्रिओ इथे १४ एप्रिल १९९० रोजी तिचा जन्म झाला. ट्यूरिनला ३००० मीटर रिलेत इटलीने कांस्य मिळवले तेव्हा ती १६ वर्षांचीही नव्हती. २०१० साली व्हँकुव्हरला ५०० मीटरमध्ये कांस्य. २०१४ साली सोचीत ५०० मीटरचे रौप्य, १५०० मीटर आणि रिलेची कांस्ये. २०१८ साली प्याँगचांगला देशाचा ध्वज तिच्या हाती होता. तिथे ५०० मीटरचे सुवर्ण, रिलेचे रौप्य, १००० मीटरचे कांस्य. २०२२ साली बीजिंगला ५०० मीटरचे सुवर्ण तिने राखले आणि १५०० मीटर व मिश्र रिलेत रौप्य जिंकले. पाच ऑलिंपिक, ११ पदके. शॉर्ट ट्रॅकमध्ये आठ-आठ पदकांवर थांबलेल्या अपोलो ओनो आणि व्हिक्टर आन या दोघांना तिने बीजिंगमध्ये मागे टाकले. या यादीत नीट पाहावी ती ५०० मीटरची ओळ: कांस्य, रौप्य, सुवर्ण, सुवर्ण. साडेचार चकरांची ही शर्यत ४२-४३ सेकंदांत आटोपते. सुरुवातीलाच कोणी मागे पडले तर भरून काढायला जागा उरत नाही, आणि अंतिम शर्यतीपर्यंत पोहोचायलाच प्राथमिक, उपांत्यपूर्व आणि उपांत्य अशा तीन चाळण्या पार कराव्या लागतात. नशीब एखाद्या ऑलिंपिकमध्ये चारही फेऱ्यांत साथ देईल. पण चार-चार वर्षांच्या अंतराने, बदललेल्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध, दरवेळी आधीच्या इतके किंवा त्याहून वरचे स्थान देणार नाही.

यावर कुणी म्हणेल की तिच्या पदकांतही इतरांच्या चुकांचा वाटा आहेच. आहे, आणि तो लपवण्याचे कारण नाही. प्याँगचांगच्या रिलेत चीन आणि कॅनडा बाद ठरले म्हणून इटलीला रौप्य मिळाले. तिथल्याच १००० मीटरच्या अंतिम शर्यतीत कोरियाच्या दोघी एकमेकींवर आदळल्या आणि फोन्ताना तिसरी आली. पण खतावणीची दुसरी बाजूही वाचायला हवी. सोचीच्या ५०० मीटरमध्ये ब्रिटनच्या एलिस क्रिस्टीमुळे झालेल्या धडकेत फोन्ताना आणि पार्क सुंग-ही पडल्या. मागून येणारी ली जियानरौ एकटी सुटली आणि सुवर्ण घेऊन गेली. तेव्हा २३ वर्षांच्या फोन्तानाच्या हातून निसटलेले ते सुवर्ण नशिबाने परत केले नाही. त्यासाठी तिला पुढची चार वर्षे सरावच करावा लागला. सोळा वर्षांत देणे आणि घेणे जवळपास फिटते, आणि मग जी शिल्लक दिसते ती कौशल्याची असते. प्याँगचांगला ती सुरुवातीच्या वेगावर पुढे राहिली आणि अंतिम रेषेवर अगदी थोडक्यात जिंकली. बीजिंगला ३१ व्या वर्षी तिने नेदरलँड्सच्या सुझान शुल्टिंगला शर्यत सुरू असताना मागे टाकले. एकच खेळाडू, एकच अंतर, पण जिंकण्याच्या दोन वेगळ्या रीती.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. अकरा पदकांत सुवर्णे दोनच, आणि पहिल्या तीन ऑलिंपिकांत तर एकही नाही. चीनच्या वांग मेंगकडे चार सुवर्णे आहेत, आनकडे सहा. शिखराची उंची मोजायची तर फोन्ताना या दोघांच्या खालीच राहते. हे मी मान्य करतो. मात्र वांग मेंगची कारकीर्द २०१४ साली, सोचीच्या तोंडावर घोट्याच्या दुखापतीने खुडली गेली. आन २००८ साली गुडघा मोडल्यानंतर व्हँकुव्हरच्या कोरियन संघात येऊ शकला नाही, आणि त्याने पुढची तीन सुवर्णे जिंकली ती रशियाचा नागरिक होऊन. इतक्या अव्वल खेळाडूंनाही जे सलग जमले नाही ते फोन्तानाला जमले, याची किंमत निव्वळ सुवर्णांच्या मोजणीत दिसत नाही. शिवाय अकरातली सात पदके वैयक्तिक आहेत, म्हणजे संघाच्या आधाराने आकडा फुगला असेही म्हणता येत नाही.

मग ही कारकीर्द टिकली कशामुळे? माझ्या मते तिच्या कारकिर्दीतला निर्णायक बदल बर्फाबाहेरचा आहे. अँथनी लोबेलो हा स्वतः शॉर्ट ट्रॅकचा खेळाडू. २००६ साली तो अमेरिकेकडून ऑलिंपिक खेळला, पुढे इटलीकडून. त्याच्याशी लग्न झाल्यावर फोन्तानाने प्याँगचांगपूर्वी त्यालाच प्रशिक्षक केले. इटलीच्या बर्फक्रीडा महासंघाशी यावरून तिचे संबंध ताणले गेले, आणि बीजिंगचे सुवर्ण जिंकल्यावर तिने महासंघाविषयीची नाराजी जाहीरपणे बोलून दाखवली. महासंघाची बाजू अगदीच पोकळ नव्हती. रिले हा चौघांचा खेळ. एका खेळाडूची तालीम वेगळी, प्रशिक्षक वेगळा आणि तोही नवरा, तर संघात तेढ पडू शकते. पण निकाल काय सांगतात? संघाची दोन रौप्ये, प्याँगचांगची रिले आणि बीजिंगची मिश्र रिले, याच काळातली आहेत. तिची दोन्ही सुवर्णेही याच काळातली. पंधराव्या वर्षी ज्या चौकटीत खेळाडू घडतो ती सत्ताविसाव्या वर्षी त्याला पुरत नाही. कोणता सराव किती करायचा, कुठे थांबायचे, कुणाचे ऐकायचे, हे अनुभवी खेळाडूच्या हाती सोपवणे म्हणजे शिस्त मोडणे नव्हे. चार्ल्स हॅमेलिननेही बीजिंगमध्ये ३७ व्या वर्षी, पाचव्या ऑलिंपिकमध्ये, कॅनडाच्या रिले संघासोबत सुवर्ण घेतले. वेगाच्या खेळात तिशीनंतर उतरणच असते, हे गृहीत त्याच्यामुळेही तपासून पाहायला हवे.

हे सगळे आपल्याला दूरचे वाटण्याचे कारण नाही. राजस्थानातले चौमूं घ्या किंवा महाराष्ट्रातले एखादे तालुक्याचे गाव, बर्फाची रिंक तिथे नाही. पण चाकांचे स्केट बांधलेली मुले दोन्हीकडे सापडतील. फोन्तानाची सुरुवातही चाकांवरच झाली होती. आपल्याकडच्या स्केटरांनी २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ३००० मीटर रिलेची दोन कांस्ये आणली. पुरुषांच्या चौघांत विक्रम इंगळे आणि सिद्धांत कांबळे होते. क्षमता आहे, हे त्या पदकांनी दाखवले. अडचण पुढे येते. दहावी-बारावीच्या वर्षी स्केट माळ्यावर जातात, आणि जे टिकतात त्यांच्याकडून पुढच्याच स्पर्धेत सुवर्णाची अपेक्षा धरली जाते. फोन्तानाला पहिल्या पदकापासून पहिल्या सुवर्णापर्यंत बारा वर्षे लागली, आणि ती वर्षे तिला मिळाली. आपल्या संघटनांनी आणि पालकांनी कांस्य जिंकलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींना तेवढी वर्षे द्यावीत.