सातबाऱ्याच्या फाइलला ‘७/१२’ असं नाव का देता येत नाही? घरची कागदपत्रं कॉम्प्युटरवर सापडतील अशी ठेवू या

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा कॉम्प्युटरसमोर बसून एकेक गोष्ट करून बघायची आहे, त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. बोलतानाचं ‘अं... म्हणजे’ काढून टाकलंय, बाकी जवळपास तसंच आहे.

आजचा विषय अगदी प्राथमिक आहे : फाइल आणि फोल्डर. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, त्यामुळे सावेडीत आमच्या सोसायटीत दर जून-जुलैला मला ठरलेला प्रश्न येतो. ‘अरे, पोरीचं नॉन क्रिमी लेअर स्कॅन करून ठेवलं होतं, कुठे गेलं कळेना.’ ॲडमिशनचा फॉर्म भरायची मुदत संध्याकाळपर्यंत, आणि कॉम्प्युटरवर ‘स्कॅन०००१’ पासून ‘स्कॅन००४७’ पर्यंत फाइल्सची रांग. कागद हरवलेला नसतो, फक्त सापडत नसतो. पण शेवटच्या दिवशी दोन्हीचा परिणाम एकच. म्हणून आज आपण घरच्या कागदपत्रांचंच उदाहरण घेऊ.

आधी पत्ता समजून घ्या

कीबोर्डवरचं विंडोजचं बटण दाबून ठेवा आणि ई दाबा. फाइल एक्सप्लोरर उघडेल. वरच्या पट्टीत तुम्ही कुठे आहात ते दिसतं : धिस पीसी, मग डी ड्राइव्ह, मग ‘घर’, मग ‘आई’. हा फाइलचा पत्ता. पाकिटावर आपण आधी नाव, मग फ्लॅट नंबर, गुलमोहर रोड, सावेडी, आणि शेवटी जिल्हा लिहितो. कॉम्प्युटर उलटा वाचतो, आधी मोठं आणि मग लहान. बस, एवढाच फरक.

इंटरनेटवरून उतरवलेली फाइल सहसा ‘डाउनलोड्स’ नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन पडते. ‘आत्ता तर डाउनलोड केलं, गेलं कुठे?’ याचं उत्तर दहातल्या नऊ वेळा तिथेच असतं. आणि डेस्कटॉप? तोही एक फोल्डरच आहे, आणि बहुतेक कॉम्प्युटरवर तो सी ड्राइव्हमध्ये असतो. विंडोज बिघडलं आणि दुरुस्तीत सी ड्राइव्ह फॉरमॅट झाला, की डेस्कटॉपवरच्या फाइल्सही जातात. त्यामुळे डेस्कटॉप हे ओट्यासारखं समजा. काम चालू आहे तोवर वस्तू तिथे, काम झालं की कपाटात.

आता ‘७/१२’ची गंमत

सातबारा डाउनलोड केला, नाव बदलायला फाइलवर क्लिक करून एफ२ दाबलं, आणि ‘७/१२’ टाइप केलं. विंडोज तिरकी रेघ घेतच नाही. शेवटी फाइलचं नाव होतं ‘७१२’.

कारण ती रेघ पत्त्यात वापरली जाते. एक फोल्डर कुठे संपला आणि पुढचा कुठे सुरू झाला, हे रेघेवरून कळतं. १९८३ मध्ये डॉस २.० मध्ये फोल्डरची सोय आली, तेव्हा सरळ तिरकी रेघ कमांडच्या पर्यायांसाठी आधीच वापरात होती, म्हणून मायक्रोसॉफ्टने पत्त्यासाठी उलटी तिरकी रेघ घेतली. लिनक्स आणि अँड्रॉइडमध्ये पत्त्यासाठी सरळ रेघच असते. तुमच्या फाइलचं नाव ‘७/१२’ ठेवू दिलं, तर ‘७’ नावाच्या फोल्डरमधली ‘१२’ नावाची फाइल असा अर्थ निघेल!

विंडोजमध्ये फाइलच्या नावात अशी नऊ चिन्हं चालत नाहीत : दोन्ही बाजूंच्या तिरक्या रेघा, कोलन, तारा, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरण, लहान-मोठं दाखवणारी दोन चिन्हं आणि उभी रेघ. म्हणून १५/०६/२०२५ अशी तारीखही नावात घालता येत नाही. सरळ ‘सातबारा’ लिहा आणि तारखेत आडवी रेघ वापरा.

नाव कसं ठेवायचं

माझं सूत्र सोपं आहे : कोणाचं, काय, कधीचं. या क्रमाने.

आई_आधार
बाबा_सातबारा_२०२५-०६
ताई_नॉनक्रिमी_मुदत_२०२६-०३

तारखेत वर्ष आधी का? कारण नावानुसार लावलेली यादी डावीकडून जुळवली जाते. दिवस आधी लिहिला तर ०१-१२-२०२१ ही ०५-०३-२०२५ च्या शेजारी येऊन बसते. वर्ष आधी लिहिलं की कागदपत्रं आपोआप काळानुसार लागतात. आणि ज्या दाखल्याला मुदत असते, त्याची मुदत नावातच लिहा, म्हणजे उघडून बघावं लागत नाही.

नावं मराठीत ठेवली तरी विंडोजला काही अडचण नाही. पण फॉर्म भरायच्या काही साइट्स देवनागरी नावाची फाइल घेत नाहीत, म्हणून अपलोड करायची कागदपत्रं इंग्रजी अक्षरांत, जागा न सोडता लिहिलेली बरी. सूत्र तेच.

अहमदनगर की अहिल्यानगर?

हा आपला खास नगरी प्रॉब्लेम. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नव्या नावाला मंजुरी दिली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘अहिल्यानगर’ अधिकृत झालं. आता घरातल्या जुन्या दाखल्यांवर अहमदनगर आहे, नव्यांवर अहिल्यानगर. कोणी फाइलच्या नावात एक लिहितं, कोणी दुसरं, आणि कोणी आपलं नुसतं ‘नगर’. आपल्याला तिन्ही एकच, पण कॉम्प्युटरचा सर्च अक्षरं जुळवतो. ‘अहमदनगर’ शोधलं तर ‘अहिल्यानगर’ नाव दिलेली फाइल येणार नाही. आणि स्कॅन केलेला कागद म्हणजे मुळात फोटो, त्यामुळे आतलं लिहिलेलं वाचून सर्च मदत करेल यावर विसंबून राहू नका.

म्हणून नावात जिल्हा नकोच. माणूस बदलत नाही, दाखल्याचा प्रकार बदलत नाही, त्यांनाच धरून राहा. तसंच ‘सातबारा’, ‘उतारा’, ‘७१२’ यातला एक शब्द ठरवा आणि घरात सगळ्यांनी तोच वापरा.

फोल्डर कमी, पण ठरलेले

डी ड्राइव्हमध्ये ‘घर’ नावाचा एक फोल्डर करा. कंट्रोल, शिफ्ट आणि एन एकत्र दाबलं की नवा फोल्डर तयार. त्याच्या आत प्रत्येक माणसाचा एक फोल्डर, शिवाय एक ‘जमीन-घर’ आणि एक ‘बिलं’. एवढं पुरे. ‘नवीन फोल्डर’, त्याच्या आत ‘नवीन फोल्डर (२)’ असं करत गेलात तर तो माळा होतो, कपाट राहत नाही.

फाइल हलवायची असेल तर कंट्रोल एक्स, आणि दुसरीकडे जाऊन कंट्रोल व्ही. मूळ जागेवरही ठेवायची असेल तर एक्सऐवजी सी. चूक झाली तर लगेच कंट्रोल झेड.

तीन सापळे

पहिला, शॉर्टकट. डेस्कटॉपवरच्या चित्राच्या कोपऱ्यात छोटा बाण असेल, तर ती फाइल नाही, फाइलकडे बोट दाखवणारी पाटी आहे. पेन ड्राइव्हवर पाटी नेली तर झेरॉक्सच्या दुकानात काहीच उघडत नाही.

दुसरा, नाव बदलून प्रकार बदलत नाही. साइटने पीडीएफ मागितलं म्हणून फोटोच्या नावाच्या शेवटी पीडीएफ लिहिलं, तरी आत फोटोच राहतो. फोटो उघडा, प्रिंट म्हणा, आणि प्रिंटरच्या जागी ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निवडा. तसंच डिजिटल सही असलेला सातबारा मूळ पीडीएफ म्हणूनच जपून ठेवा. प्रिंट काढून परत स्कॅन केलात तर डिजिटल सही त्या नव्या फाइलमध्ये येत नाही.

तिसरा, डिलीट. कॉम्प्युटरवरची फाइल डिलीट केली की सहसा रिसायकल बिनमध्ये जाते आणि परत आणता येते. पेन ड्राइव्हवरची फाइल सहसा थेट जाते. शिफ्ट धरून डिलीट केलं तरी थेट जाते.

आणि एक महत्त्वाचं. डी ड्राइव्हवर कॉपी ठेवली म्हणजे बॅकअप झाला, असं नाही. बऱ्याच घरच्या कॉम्प्युटरमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क गेली की दोन्ही जातात. ‘घर’ फोल्डरची एक प्रत पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, आणि ती कपाटात ठेवा.

हे सगळं नीट झालंय का ते तपासायची एकच परीक्षा आहे. तुम्ही घरी नसताना आईला किंवा बाबांना फोन करा आणि एक दाखला शोधून व्हॉट्सॲप करायला सांगा. दोन मिनिटांत आला तर तुमची रचना पास. नाही आला तर त्यांना दोष देऊ नका, नावं बदला. घरातल्या एकालाच सापडणारी फाइल ही अर्धी हरवलेलीच समजायची.

या रविवारी फक्त ‘डाउनलोड्स’ उघडा आणि दहा फाइल्सना नावं द्या. काही अडलं तर कळवा, पुढच्या भागात त्याचं उत्तर देतो. भेटू या!