गोळी चालू असतानाच मन खचलं तर

नैराश्याची गोळी नियमित चालू आहे, तरी पहाटे तीन-चारलाच जाग येते. सकाळ सर्वांत जड जाते, संध्याकाळी जरा हायसं वाटतं. नातवंडं घरी आली तरी चेहऱ्यावरची रेषा हलत नाही. जेवण जात नाही, वजन उतरतं, नसलेल्या चुकांची बोचणी लागते. हे ‘मेलँकोलिक’ नैराश्य. इथे ‘मन रमव’ म्हणून उपयोग नसतो. रमण्याची ताकदच आजाराने काढून घेतलेली असते.

गोळी आपल्या मनाने बंद करू नये. अचानक थांबवल्यास चक्कर, मळमळ, बेचैनी सुरू होते. डॉक्टर आधी डोस, थायरॉइड, दारू, इतर औषधं तपासतात. पूर्वी कधी झोपेविना अतिउत्साहात गेलेले दिवस होते का, हेही विचारतात. होते, तर आजार द्विध्रुवी (बायपोलर) असू शकतो आणि उपचाराची दिशाच बदलते.

नाहीतर औषध बदलतात. १९५७ साली स्विस डॉक्टर रोलांड कुन यांनी ज्याचा गुण जगापुढे मांडला, ते इमिप्रामिन आणि त्याची भावंडं या प्रकारात अजूनही कामाची आहेत. मात्र हृदयावर लक्ष ठेवावं लागतं. कधी लिथियमची जोड देतात, तीही रक्त तपासत. अन्नपाणी सुटलं किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले, तर ईसीटी, म्हणजे मेंदूला विजेचा नियंत्रित झटका देण्याचा उपचार, सर्वांत परिणामकारक. सिनेमांनी त्याची उगाच बदनामी केली. काही काळ विसरायला होतं, हे खरं. पण भूल दिल्याशिवाय तो देण्यास २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनाईच आहे.

जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर थांबू नका. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.