लोकप्रशासनाची पदवी आणि तहसीलदाराची खुर्ची

दरवर्षी लातूरच्या महाविद्यालयांत प्रवेशाची लगबग सुरू झाली, की औसा किंवा निलंग्याकडून आलेला एखादा पालक पिशवीतून गुणपत्रिका काढीत, "पोराला लोकप्रशासनाच्या एम.ए.ला घातलंय, दोन वर्षांत तहसीलदार होतंय बघा," असे ज्या निःशंक श्रद्धेने सांगतो, ती ऐकून मन कळवळते, आणि ती त्याच्या ठायी रुजू देणाऱ्यांचा संताप येतो. तहसीलदाराची सरळसेवेची पदे राज्यसेवा परीक्षेतून भरतात. त्या परीक्षेस मान्यताप्राप्त विद्यापीठाचा कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो, आणि एम.ए. झाल्याबद्दल तेथे एक गुणही अधिक पडत नाही. शंका असेल त्याने महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या जाहिरातीतील शैक्षणिक अर्हतेचे कलम स्वतः वाचावे. केंद्रीय आयोगाच्या मुख्य लेखी परीक्षेत लोकप्रशासन हा वैकल्पिक विषय आहे, वैकल्पिक विषयास 1750पैकी 500 गुणही आहेत. परंतु तो निवडण्यास त्या विषयाची पदवी लागत नाही. किंबहुना भारतीय प्रशासन सेवेत निवडलेल्यांना मसुरीच्या प्रशिक्षणाअंती जवाहरलाल नेहरू विद्यापीठ लोकव्यवस्थापनाची एम.ए. देते, म्हणजे तेथे निवड आधी आणि पदवी मागाहून.

परंतु ही पदवी नोकरीची सनद नाही, एवढ्यावरून तिला कुचकामी ठरवणे हाही अन्यायच होय. ज्या मुलुखात 1865 साली निजामाचे दिवाण सालारजंग यांनी जिल्हाबंदी, म्हणजे जिल्ह्यांची आखणी, केली, जेथे जिल्ह्याचा मुख्य अंमलदार अव्वल तालुकदार म्हणून ओळखला जाई, जो 1948 साली निजामी अमलातून मुक्त झाला आणि 1962 साली ज्याच्या गावोगावी जिल्हा परिषदेचा कारभार पोहोचला, त्या मराठवाड्याइतकी या शास्त्राची जिवंत प्रयोगशाळा क्वचितच आढळेल. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीची भूमी हादरल्यावर 52 गावे नव्या जागी वसवताना घर कोणास, केवढे, कोणत्या जागेवर, आणि हे गावाला विचारून की कचेरीत बसून, हे जे प्रश्न उभे राहिले, किंवा 2016च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणताना जो अनेक खात्यांचा मेळ घालावा लागला, त्यांचा पद्धतशीर अभ्यास म्हणजेच लोकप्रशासन. असा अभ्यास मनापासून केलेल्यास नेट किंवा सेट उत्तीर्ण होऊन अध्यापनाकडे वळता येते. शिष्यवृत्ती मिळाल्यास संशोधन करता येते. ग्रामविकास, पाणीपुरवठा, रोजगार हमीचे सामाजिक लेखापरीक्षण अशा कामांतील संस्थांतही त्याच्या ज्ञानास वाव असतो. यांपैकी एकही वाट आपोआप उघडत नाही, हे मात्र पालकाला प्रवेशाच्या वेळीच सांगितले पाहिजे.

लोकप्रशासन म्हणजे राज्यशास्त्राचेच दुसरे नाव, असेही ऐकू येते. हा भ्रम आहे : अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ वुड्रो विल्सनने 1887 सालीच या विषयाच्या स्वतंत्र अभ्यासाची बाजू मांडली होती.

नेटसाठी नुसती एम.ए. पुरते, हाही भ्रम आहे. खुल्या प्रवर्गास पदव्युत्तर परीक्षेत 55 टक्के गुण लागतात.

मुक्त विद्यापीठाची पदवी कमअस्सल, हे तर सर्वस्वी असत्य : विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता असलेल्या दूरशिक्षणाच्या पदव्या नियमित पदव्यांशी समकक्ष आहेत, आणि लातुरात खोलीचे भाडे परवडत नाही म्हणून मुलीचे शिक्षण बी.ए.वरच थांबवू पाहणाऱ्या पालकास हे कोणीतरी घरी जाऊन सांगावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.