अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि त्याचा श्वास

अपुऱ्या दिवसांच्या बाळाला जन्मताच धाप लागते, ती बहुधा फुप्फुसातल्या एका अतिशय पातळ थराच्या अभावामुळे. फुप्फुसांतले बारीक वायुकोश आतून ओलसर असतात आणि या ओलाव्याच्या पृष्ठताणामुळे श्वास सोडताच मिटू पाहतात. सर्फॅक्टंट नावाचा स्निग्ध पदार्थ हा ताण कमी करतो. गर्भात तो साधारण २४व्या आठवड्याच्या सुमारास तयार होऊ लागतो, पण पुरेसा साठतो ३५व्या आठवड्याच्या आसपास. तोवर बाळाला दर श्वासागणिक मिटलेले फुप्फुस नव्याने फुगवावे लागते.

सातमाशी मूल जगते, अठमाशी जगत नाही, असे जुनी माणसे सांगत. फुप्फुसांचा हिशेब नेमका उलटा आहे. पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या पथ्यावर पडतो.

त्रास काही मिनिटांत किंवा तासांत दिसू लागतो. श्वास मिनिटाला ६०च्या वर जातो, नाकपुड्या फुलतात, बरगड्यांखालची कातडी आत ओढली जाते. श्वास सोडताना बाळ कण्हते. ऐकवत नाही असे ते कण्हणे खरे तर त्याची धडपड असते: घसा आवळून थोडी हवा आतच रोखायची, म्हणजे वायुकोश मिटणार नाहीत.

कारण कळले ते १९५९ मध्ये. बॉस्टनच्या मेरी एलन एव्हरी आणि जेर मीड यांनी दगावलेल्या बाळांच्या फुप्फुसांत सर्फॅक्टंट कमी असल्याचे दाखवले. तरीही १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा सुमारे साडेपाच आठवडे आधी जन्मलेला मुलगा पॅट्रिक ३९ तासच जगला. देण्याजोगे औषधच नव्हते. १९७१ मध्ये सीपॅप आले. बाळ कण्हून जे साधू पाहते, तेच हे यंत्र नाकावाटे सतत हवेचा दाब देऊन साधते. १९८० मध्ये जपानच्या फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसापासून केलेले सर्फॅक्टंट थेट बाळांच्या श्वासनलिकेत सोडले आणि ते लागू पडले. प्राणवायू मात्र मोजूनच द्यावा लागतो, कारण जास्त झाला तर डोळ्यांचा पडदा दुखावतो.

सगळ्यात मोलाचा उपाय मात्र बाळावर नव्हे, आईवर होतो. न्यूझीलंडचे लिगिन्स मेंढ्यांवर प्रयोग करत होते. स्टिरॉइड दिल्यावर फार लवकर जन्मलेले कोकरू श्वास घेताना त्यांना दिसले. १९७२ मध्ये लिगिन्स आणि हॉवी यांनी हाच गुण मानवी बाळांत सिद्ध केला. भारतात २४ ते ३४ आठवड्यांदरम्यान अकाली कळा सुरू झाल्या तर आईला डेक्सामेथासोनची चार इंजेक्शने बारा-बारा तासांनी देतात. औषध स्वस्त आहे, पण त्याला पूर्ण गुण यायला सुमारे एक दिवस लागतो. म्हणून कळा सुरू होताच, मोठ्या रुग्णालयात हलवण्यापूर्वीच, पहिले इंजेक्शन देतात.