मोहाच्या फुलाचा फोटो आणि मेंदूतला गोडवा

मोहाची फुलं लहानपणापासून खात आलेल्या माणसासमोर त्या फुलाचा नुसता फोटो धरला, तर त्याच्या मेंदूत गोड चव जागी होईल का? आदिलाबाद जिल्ह्यात हा प्रश्न विचारून पाहण्याजोगा आहे.

जिभेवरच्या रुचिकलिकांकडून निघालेला संदेश मेंदूच्या देठातून आणि थॅलॅमसमधून ‘इन्सुला’ या भागात पोचतो. हा भाग मेंदूच्या खोल घडीत दडलेला असतो. जिवंत, जागा माणूस चव घेत असताना तिथे काय चाललंय, हे एफएमआरआय या मेंदूचं चित्रण करणाऱ्या यंत्रामुळे बघता येऊ लागलं. मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तिकडे प्राणवायू घेऊन येणाऱ्या रक्ताचा ओघ वाढतो. हे यंत्र तो बदल टिपतं.

प्रयोग मात्र किचकट असतो. माणूस उताणा पडलेला, डोकं अजिबात हलवायचं नाही, तोंडात बारीक नळी. तिच्यातून गोड, खारट, आंबट पाण्याचे थेंब येतात. पण घोट गिळताना जीभ हलते, आणि इन्सुला त्यालाही प्रतिसाद देतो. म्हणून अधूनमधून लाळेसारखं बेचव द्रावण देऊन निव्वळ चवीचा वाटा वेगळा काढतात. ही खबरदारी घेतली नाही, तर पुढच्या कुठल्याच निष्कर्षाला अर्थ उरत नाही.

जिभेच्या टोकाला गोड, मागे कडू हा शाळेतला नकाशा केव्हाच बाद झाला. असा नकाशा मेंदूत असेल का? २०११ साली उंदरांच्या मेंदूत तो दिसल्याचं प्रसिद्ध झालं. २०२० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतले जेसन एव्हरी आणि सहकाऱ्यांनी ७ टेस्लाच्या शक्तिशाली एफएमआरआय यंत्रात माणसांचे मेंदू तपासले. चवींच्या वेगळ्या जागा सापडल्या नाहीत. त्याच ठिपक्यांवर वेगळी रांगोळी निघावी, तशी एकाच भागात प्रत्येक चवीची नक्षी निराळी होती.

२०२१ मध्ये त्यांनी खाद्यपदार्थांची चित्रं दाखवली. समोरचा पदार्थ गोड, खारट की आंबट, हे इन्सुलातल्या हालचालीवरून ओळखता आलं! मात्र चित्राची नक्षी आणि प्रत्यक्ष चवीची नक्षी एकमेकींशी जुळत नव्हत्या. आठवलेली चव आणि चाखलेली चव मेंदू एकाच ठिकाणी, पण वेगवेगळी ठेवतो.

मोह मला महत्त्वाचा वाटतो तो इथेच. मार्च-एप्रिलच्या पहाटे झाडाखाली फिकट पिवळसर, रसाळ फुलांचा सडा पडतो. वाळवली की ती सुरकुततात, तांबूस-तपकिरी होतात. आदिलाबाद जिल्ह्यातल्या उटनूरला आदिवासी महिला त्यांचे लाडू करतात. त्या वाळक्या फुलात गोड असं डोळ्यांना काहीच दिसत नाही. ते ज्यानं खाल्लंय त्यालाच ठाऊक. गोंड-कोलाम पाड्यावरचे काही जण आणि मोह कधीही न चाखलेले काही शहरी लोक यांना अशा वाळक्या फुलाचा फोटो दाखवावा. पहिल्या गटाच्या इन्सुलात गोडाची नक्षी उमटेल, दुसऱ्याच्या नाही, असा माझा अंदाज आहे. शहरी गटाला नंतर आठवडाभर मोहाचे लाडू खाऊ घालून पुन्हा तोच फोटो दाखवला, तर ही ओळख किती घासांत तयार होते, तेही मोजता येईल.