स्वेच्छामरण आणि ख्रिस्ती नीतिविचार

बरे होण्याची आशा उरलेली नाही, वेदना असह्य आहेत, आणि रोगी पूर्ण शुद्धीवर असून म्हणतो आहे, "मला आता सोडवा." ही विनवणी मान्य करावी काय? चर्चची परंपरा 'नाही' म्हणते, हे आपण ऐकून असतो. त्या 'नाही'चा नेमका अर्थ आज पाहू.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आत्महत्येविरुद्ध तीन कारणे मांडली. प्रत्येक जीव स्वभावतःच स्वतःला जपतो. माणूस समाजाचा घटक असल्याने त्याच्या आत्मघाताने समाजाचीही हानी होते. आणि जीवन ही ईश्वराची देणगी आहे. थोडक्यात, आपण जीवनाचे मालक नव्हे, विश्वस्त.

मग या विश्वस्ताने वाटेल त्या उपायाने श्वास लांबवीत राहावे काय? तसेही नाही. पोप बारावे पायस यांनी १९५७ साली डॉक्टरांपुढे स्पष्ट केले, की फार मोठा भार टाकणारे असाधारण उपचार बंधनकारक नाहीत. वेदनाशामक औषधाने आयुष्य काहीसे घटण्याचा संभव असला, तरी हेतू मारण्याचा नसेल तर तेही देता येते.

येथे तत्त्वज्ञ शंका घेतात. जेम्स रेचल्स यांनी १९७५ साली एक दाखला दिला. वारशाच्या लोभाने एकजण लहानग्या चुलतभावाला न्हाणीच्या टबात बुडवतो. दुसरा त्याच बेताने जातो, पण मूल आपणच पाय घसरून बुडते आणि तो नुसता पाहत राहतो. दोघांत कमी पापी कोण? मग 'मारणे' आणि 'मरू देणे' यांत फरक तो काय उरला? आमच्या मते, या दाखल्यात दोघांचा हेतू एकच आहे. निरुपयोगी उपचार थांबविणाऱ्या डॉक्टराचा तसा नसतो. रोगी जगलाच तर त्याला आनंदच होईल.

तरीही रेचल्स यांचा बोचरा मुद्दा शिल्लक राहतोच: तळमळणाऱ्या रोग्याला डॉक्टराच्या शुद्ध हेतूने आराम पडत नाही. कॅथलिक धर्मशास्त्रज्ञ हान्स क्युंग तर म्हणत, की जीवन देणाऱ्या ईश्वराने त्याच्या अखेरीची जबाबदारीही माणसावरच सोपविली आहे.

म्हणून 'नाही' म्हणणाऱ्यावर एक ऋण चढते. श्रद्धावान ख्रिस्ती आणि स्वेच्छामरणाच्या विरोधक असलेल्या सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडून ते फेडावयास घेतले. तेथे मरणाऱ्याच्या वेदना शमवितात, त्याला एकटे पडू देत नाहीत. हे करावयाची तयारी नसेल, तर रोग्याला नकार देण्याचा अधिकार आपल्याला कोठून मिळणार?