पोटाच्या ऑपरेशननंतर व्यायाम कधी आणि कसा?

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि एक प्रश्न मला सतत ऐकू येतो : "टाके निघाले, आता सगळी कामं करू ना?"

थोडं थांबा. वरची कातडी दहा-पंधरा दिवसांत जुळते, म्हणून जखम भरल्यासारखी वाटते. पण पोटाला खरा आधार देणारा स्नायूंवरचा चिवट पडदा आत असतो आणि तो सावकाश जुळतो. तिसऱ्या आठवड्यात जखमेत मूळच्या ताकदीचा जेमतेम पाचवा हिस्सा आलेला असतो. बरीचशी ताकद यायला तीन महिने लागतात. त्याआधी जोर पडला, तर पडद्याला फट पडून आतडं बाहेर डोकावू शकतं. हाच हर्निया. म्हणजे पुन्हा ऑपरेशन!

मग पडूनच राहायचं का? मुळीच नाही. पडून राहिल्याने पायात रक्ताची गुठळी होण्याचा आणि छातीत कफ साठण्याचा धोका वाढतो. डॉक्टरांनी हो म्हटलं की दुसऱ्या दिवसापासूनच चाला. आधी पाच मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. मग हळूहळू वाढवा.

उठताना सरळ उठू नका. कुशीवर वळा, पाय खाली सोडा आणि हाताने रेटा देऊन उठा. खोकला आला तर पोटावर उशी दाबून धरा. शौचाला कुंथू नका. पाणी, फळं, भाज्या घ्या, गरज पडली तर डॉक्टरांकडून औषध घ्या.

मोठा छेद असेल तर निदान सहा आठवडे पाच किलोपेक्षा जास्त वजन नको. भरलेली मोठी बादली पंधरा किलोची असते, भरलेला सिलिंडर तीसच्या आसपास. दोन वर्षांचं मूलही दहा-बारा किलोचं असतं. त्याला उचलू नका. तुम्ही बसा, त्याला मांडीवर चढू द्या.

कपालभाती, नौकासन, सूर्यनमस्कार, जिम हे सगळं शेवटी, साधारण तीन महिन्यांनी. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं असेल तर मुदत कमी असते, पण शेवटचा शब्द तुमच्या सर्जनचा.

ताप, जखमेतून पू, टाक्यांजवळ फुगवटा किंवा पोटरीला सूज आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अचानक धाप लागली तर थेट इस्पितळ गाठा.

घरच्यांनाही हे ऐकवा. बादली उचलायला त्यांचे हात लागणार आहेत!